साहेब, एकदा गाडीखाली वाका

प्रति,
परिवहन विभागाचे वरिष्ठ अधिकारी आणि गाडी तपासून तिच्या कागदावर सही करणारे राज्यातले सर्व मोटार वाहन निरीक्षक यांस,

सादर नमस्कार.

मी परतवाड्याला राहते आणि मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर वीतभर लांबीचा एक लोखंडी पाइप आहे. पेन्सिलीपेक्षाही बारीक. त्याचं एक टोक इतकं सडलंय, की नखाने खरवडलं तरी खपल्या पडतात. माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा हा पाइप आहे. तो फुटला त्या दिवशी गाडीचे सगळे कागद वैध होते आणि नोंदणी तर पुढची चार वर्षं वैधच राहणार होती.

गाडी कशी आली ते आधी सांगते. आमची शाळा घाटावर आहे. बस आहे, पण तिने शाळेची घंटा गाठता येत नाही आणि सुटल्यावर दोन-दोन तास फाट्यावर बसावं लागतं. पावसाळ्यात त्या फाट्यावर धुकं इतकं उतरतं, की समोरचा माणूस दिसत नाही. आम्ही चौघं शिक्षक रोज अप-डाऊन करतो. घाटात छोटी गाडी दम टाकते, म्हणून उंच, दणकट, सात माणसं बसतील अशी डिझेल गाडी घ्यायचं ठरलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती. घराचं कर्ज चालू आहे, यजमानांची संत्र्याची बाग दोन वर्षं मनासारखी फुटली नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडून २००८ सालची गाडी २ लाख ३० हजारांना घेतली. गाडी कोकणपट्टीतल्या एका जिल्ह्यातली. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिकडच्याच कार्यालयात तिची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळालेली होती.

मी आंधळेपणाने घेतली नाही. ओळखीच्या माणसाला इंजिन ऐकायला नेलं. चालवून पाहिली. विमा पाहिला, धुराचा कागद पाहिला, मोबाइलवर नंबर टाकून तुमच्या खात्याची नोंद पाहिली. तिथे स्पष्ट होतं : वैध, २०२८ पर्यंत. माझे यजमान म्हणाले, सरकारने तपासलीय, अजून काय पाहिजे? मलाही तसंच वाटलं. गाडीखाली काय असतं, ते मला काय कळणार? ज्याला कळतं त्याने पाहिलंय, असं ती सही सांगत होती. त्या सहीवर विश्वास ठेवून मी पैसे मोजले आणि रोज तीन माणसं शेजारी बसवली.

ऑगस्टमधला शनिवार होता. सकाळची शाळा आटोपून आम्ही घाट उतरत होतो. मीच चालवत होते. रस्ता ओला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एका वळणाआधी समोरून जीप आली म्हणून ब्रेक जोरात दाबला आणि पायाखालचं पेडल सरळ तळाला गेलं. गाडी थोडी हबकली, पण थांबेना. नंतर कळलं, ब्रेकची व्यवस्था दोन भागांत असते. मागचा पाइप फुटून तेल वाहून गेलं, तरी पुढची चाकं थोडीफार धरत होती. तेवढ्या धरण्यानेच आम्ही वाचलो. मी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर घातला आणि दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाच्या नालीत गाडी घातली. शेजारी बसलेल्या मॅडमचं मनगट मोडलं. मागच्या सीटवरच्या सरांच्या मांडीवर त्यांची सहा वर्षांची मुलगी होती, त्या दिवशी हौसेने शाळा पाहायला आलेली. तिला काही झालं नाही. साहेब, त्या लेकराच्या रडण्याचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

गाडी ओढून परतवाड्याला आणली. मिस्त्रींनी ती वर उचलली, बॅटरी मारली आणि मला हाक मारली. "मॅडम, खाली या. तुमीच पाहा." वरून पाहिलं तर सगळं काळं कुळकुळीत, नव्यासारखं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तशा त्या काळ्या रंगाखालून तांबड्या खपल्या झडायला लागल्या. मागच्या एक्सलवरून जाणारा पाइप तर सडलाच होता, पण चेसिसच्या एका आडव्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने हे होतं, आपल्याकडच्या कोरड्या हवेत गाडी एवढी सडत नाही, असं ते म्हणाले. मी विचारलं, हे इतक्यातलं असेल का? ते म्हणाले, "दहा महिन्यांचं काम नोये हे. पाच-सहा वर्षं सडत होतं. वरून काया रंग मारला, अन् झालं. खाली घुसून कोनी पायलंच नाई."

कुणी पाहिलंच नाही. मी आधीच्या मालकांना फोन केला. भले गृहस्थ आहेत, त्यांनी काही लपवलं नाही. गाडी कार्यालयाच्या आवारात उभी केली, इंजिन चालू करून दाखवलं, दिवे लावले, वायपर फिरवला, चेसिस नंबर जुळवून पाहिला, झालं. किती वेळ लागला? "पाचेक मिनिटं." गाडी इथे माझ्या नावावर झाली तेव्हाही कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. ना-हरकत दाखला (एनओसी), मालकीबदलाचे फॉर्म २९ व ३० आणि पेन्सिलने घासून काढलेली चेसिस नंबरची छाप पुरली.

त्या मिनिटांबद्दल मी तुमच्याशी बोलायला आले आहे. कुणा एका अधिकाऱ्याला शिक्षा व्हावी यासाठी हे पत्र नाही. एका निरीक्षकासमोर दिवसभरात किती गाड्या उभ्या राहतात, ते मी आमच्याकडच्या तालुक्याच्या कॅम्पला पाहिलं आहे. मोकळं मैदान, झाडाखाली एक टेबल, शिकाऊ लायसन्सवाल्या पोरांची रांग आणि कडेला ओळीने उभ्या गाड्या. तिथे ना गाडीखाली उतरून पाहायला खड्डा, ना रॅम्प, ना ब्रेक मोजायचं यंत्र. अशा जागी जगातला सगळ्यात प्रामाणिक निरीक्षकसुद्धा ब्रेकचा पाइप पाहू शकणार नाही. मग माझा प्रश्न असा, की जे पाहणं शक्यच नव्हतं त्यावर सही कशी होते?

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी. जुनी गाडी खालून मरते. ब्रेकचे पाइप, स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या (शॅकल), स्टेअरिंगचे जॉइंट, चेसिस, बॉडी जिथे चेसिसवर बसते ते बुश, हे सगळं खाली असतं. तुमची तपासणी वरून होते. हल्ली स्वयंचलित तपासणी केंद्रांचं फार ऐकू येतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यांचे नियम काढले, आणि ती केंद्रं झालीच पाहिजेत, कारण रोलरवर चाक फिरवून कोणतं चाक किती धरतं ते आकड्यात कळतं, डावं-उजवं किती कमी-जास्त आहे तेही कळतं. पण मिस्त्रींना मी मुद्दाम विचारलं : माझी गाडी रोलरवर घातली असती तर सापडली असती का? ते विचार करून म्हणाले, कदाचित नाही. पाइप फुटेपर्यंत ब्रेक पूर्ण लागतो. सडलेला पाइप यंत्राला दिसत नाही, तो माणसाला दिसतो. खड्ड्यात उतरून, बॅटरी धरून, रंग खरवडून पाहणाऱ्या माणसाला. म्हणून यंत्र आलं की माणसाने गाडीखाली पाहायची गरज संपली, असं कृपा करून धरून चालू नका.

ब्रेकच्या तपासणीचा विषय मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून गेला होता आणि त्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक हवा, हे न्यायालयाने बजावून सांगितलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी नागरिकाला कोर्टाची पायरी चढावी लागली, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी तक्रार वर्षांची आहे. पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी आठ वर्षांची झाली की तिला दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीला पहिली पंधरा वर्षं कुणी विचारत नाही आणि त्यानंतर एकदा तपासली की पाच वर्षं पुन्हा कुणी विचारत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षात गाडीची तब्येत किती झपाट्याने ढासळते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि आमच्या भागात या पांढऱ्या पाटीच्या जुन्या गाड्याच लोकांची वाट आहेत. बाळंतीण यातूनच खाली येते, साप चावलेला माणूस यातूनच येतो, लग्नाचं वऱ्हाड, बाजार, तेराव्याचे पाहुणे, सगळं यातूनच. एका गाडीत किती माणसं बसतात ते मी इथे लिहीत नाही, रस्त्यावर उभं राहिलं की तुम्हालाही दिसेल.

तिसरी. गाडी विकली जाते, जिल्हा बदलते, समुद्राकाठून डोंगरात येते, तरी त्या वेळी तपासणीची सक्ती नाही. खरी जोखीम तर त्याच वेळी असते. जुन्या मालकाला गाडीचे दुखरे सांधे माहीत असतात, तो सांभाळून चालवतो. नव्या माणसाला काहीच माहीत नसतं. शिवाय विकायच्या आधीच तर खालून काळा रंग मारला जातो.

चौथी. धुराच्या कागदावर आकडा असतो. माझ्या गाडीच्या वयाच्या डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे आणि माझ्या गाडीचं मोजमाप त्या कागदावर छापून आलेलं आहे. म्हणजे गाडीने धूर किती सोडला ते मला कळतं. ती थांबते किती, ते मला कुणीच सांगत नाही. नोंदणीच्या कागदावर एकच तारीख आहे. काय पाहिलं, काय बरं निघालं, कशावर लक्ष ठेवायला सांगितलं, यातलं अक्षरही नाही. मी शिक्षिका आहे. प्रगतिपुस्तकावर मी नुसतं 'उत्तीर्ण' लिहून दिलं आणि विषयवार गुण लिहिलेच नाहीत, तर पालक मला जाब विचारतील, आणि विचारायलाच हवा.

टायरचंही सांगून टाकते. गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे आणि माझ्या टायरची होती. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मिस्त्रींनी दाखवेपर्यंत मला ते वाचता येत नव्हते. माझ्या मागच्या टायरवर ३४१५ होतं, म्हणजे २०१५ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातलं. नऊ वर्षांचं रबर, कडेला बारीक चिरा पडलेलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा डांबरावर असं टायर किती दिवस टिकणार? नक्षी शाबूत म्हणून ते पास.

आणि पैसा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीची नोंदणी वाढवायला ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपये लागू लागले. वर हरित कर. वाढीबद्दल माझी तक्रार नाही. ५,००० घ्या, पण मग ५,००० रुपयांची तपासणी करा. आमच्या मिस्त्रींनी गाडी उचलून, चारही चाकं काढून, ड्रम उघडून पाहिली आणि ८०० रुपये घेतले. तेवढ्यात सगळं दिसलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या पत्राचा अर्थ उलटा घेतला जाईल. जुन्या गाड्या सरसकट भंगारात काढा, असं मी म्हणत नाही. शहरात बसून ते म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे वीस वर्षांची गाडी एखाद्या घराची सगळी कमाई असते. नीट राखलेली वीस वर्षांची गाडी हयगय केलेल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा भरवशाची असते, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. माझीही गाडी मी विकली नाही. आणि विकायची तरी कुणाला? मला जे कळलंय ते लपवून दुसऱ्या एखाद्या घरात ती ढकलू? म्हणून वयावर बंदी नको. चांगली आणि वाईट वेगळी करणारी खरी तपासणी हवी. ती नसल्यामुळेच जुन्या गाडीचा चांगला मालकही बदनाम होतो.

अपघातात कुणी दगावलं की तुमचाच निरीक्षक येतो, गाडीखाली जातो, ब्रेक पाहतो, यांत्रिक दोष होता की नव्हता याचा अहवाल पोलिसांना देतो. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, पद्धतही आहे. माणूस जायच्या आधी ती वापरा, एवढंच मागणं आहे.

आता मागण्या सरळ लिहिते.

पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची नोंदणी वाढवताना ती खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून पाहिल्याशिवाय सही होऊ नये. ताजा काळा रंग मारलेली गाडी दिसली तर तो जागोजागी खरवडून पाहावा. ब्रेकचे पाइप, चेसिस, स्टेअरिंगचे जॉइंट यांची नावानिशी नोंद व्हावी आणि खालचा एक फोटो, तारखेसकट, नोंदीला जोडला जावा.

प्रत्येक चाकाच्या ब्रेकचं मोजमाप छापून मालकाच्या हातात द्यावं. गाडी नापास झाली तर कारणं लेखी द्यावीत आणि दुरुस्तीला मुदत द्यावी. नापास होणं ही लाज नाही. नापास न करता सोडणं मला घाटात महागात पडलं.

पंधरा वर्षांनंतरची मुदत पाचऐवजी एक वर्ष करावी, निदान दोन. पाच वर्षांची मुदत केंद्राने ठरवलेली आहे आणि ती बदलणं तुमच्या हातात नाही, हे मी जाणते. पण राज्याच्या खात्याने दिल्लीला लेखी शिफारस करावी आणि ती लोकांना वाचायला मिळावी. जुन्या गाडीचा मालक बदलतानाही तपासणी व्हावी, त्याचा खर्च विकणाऱ्याने द्यावा.

तपासणीचा पूर्ण निकाल गाडीच्या नंबरवर कुणालाही पाहता यावा. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासतात आणि कोणत्या वर्षी कशात नापास झाली, कोणती ताकीद दिली, किलोमीटर किती होते, हे नंबर टाकून कुणीही फुकट पाहू शकतो. आपल्याकडे मोबाइलवर गाडीची नोंद दिसतेच, त्यात आणखी चार ओळी घालायच्या आहेत. त्या चार ओळी जानेवारीत मला दिसल्या असत्या, तर मी ती गाडी घेतली नसती.

आणि धारणी-चिखलदऱ्याच्या माणसाला विसरू नका. खऱ्या तपासणीसाठी त्याला शे-दीडशे किलोमीटर गाडी रेटावी लागली आणि दिवसाची मजुरी बुडाली, तर तो पुन्हा एजंटकडेच जाईल. महिन्यातून दोन दिवस तालुक्याला फिरतं पथक पाठवा. कॅम्पच्या जागी एक पक्का खड्डा बांधा. ट्रकवाल्यांच्या गॅरेजमध्ये असतो तसा, विटा-सिमेंटचा. त्याला मोठा निधी लागत नाही. जागा नसेल तर आमच्या तालुक्यापुरती मी ग्रामपंचायतीशी बोलते.

ही मागणी माझ्या एकटीची नाही. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या बाकी शिक्षकांच्या सह्यांसह याची एक प्रत टपालाने पाठवली आहे. त्यात मनगट मोडलेल्या मॅडमची सहीही आहे, डाव्या हाताने केलेली. उत्तर लेखी मिळावं, ही विनंती.

गाडीचे सगळे ब्रेक पाइप, चारही टायर आणि चेसिसची ती पट्टी मी बदलून घेतली आहे. ४१ हजार रुपये लागले. रोज घाट उतरताना वळणाआधी एकदा ब्रेक दाबून पाहायची सवय लागली आहे. तुमच्या नोंदीत माझी गाडी आजही २०२८ पर्यंत वैध आहे, पण मला ती पुन्हा तपासून हवी आहे. कोणत्याही तारखेला बोलवा, रजा टाकून येईन. हा पाइपही घेऊन येईन. फक्त त्या दिवशी गाडी खड्ड्यावर घ्या आणि सही करण्याआधी खाली उतरून पाहा.

आपली,
परतवाड्याची एक शिक्षिका
जिल्हा अमरावती